कूर्चापेशी भराभर वाढतात, पण कूर्चा होत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी कल्चर रूम, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवायची खोली, सांभाळते. वर्षातून तीन-चारदा तरी पीएचडी करणारं कुणीतरी चेहरा पाडून दारात उभं राहतं. पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, पेशी तर मस्त वाढल्या होत्या, पण पेलेट काही बनला नाही." दुसरंही ठरलेलं असतं, "टीजीएफ-बीटा नवीन मागवू का?" पेलेट म्हणजे ट्यूबच्या तळाला गोळा केलेल्या पेशींची गोळी. तिची कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असतं तसं गुळगुळीत आवरण, व्हावी अशी अपेक्षा असते.

टीजीएफ-बीटा हे पेशींना कूर्चा बनवायला लावणारं प्रथिन वजनाच्या हिशेबाने सोन्याहून कितीतरी महाग पडतं. कुपीत डोळ्याला धड दिसतही नाही इतकी पावडर असते. ते मागवण्याआधी तपासण्यासारख्या आठ-दहा गोष्टी आहेत आणि त्यातल्या निम्म्या फुकट आहेत. हाच दोष मी इतक्यांदा निस्तरला आहे की दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं. आमच्याकडच्या पेशी गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत कापून टाकायच्या भागावरून येतात. रुग्णाची लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची परवानगी तुमच्याकडे आहे, हे मी धरून चालते. नसेल तर पुढचं वाचूच नका, आधी ते काम करा.

लक्षणं

खालीलपैकी एक जरी दिसलं तरी हे टिपण तुमच्यासाठी आहे.

- सुरुवातीला गोल किंवा बहुकोनी असलेल्या पेशी आता लांबुळक्या, टोकदार दिसतात आणि माशांच्या थव्यासारख्या एका दिशेने पसरतात.
- दुसऱ्या-तिसऱ्या पॅसेजपर्यंत (पॅसेज म्हणजे भरलेल्या फ्लास्कमधून पेशी काढून नव्यात टाकायची एक फेरी) जोरात वाढ झाली, मग एकदम मंदावली. पेशी आकाराने मोठ्या, पसरट, आत दाणेदार झाल्या.
- पेलेट दोन दिवसांनीही तळाला चकतीसारखा चपटाच आहे, गोळी होत नाही. किंवा झाला, पण मीडियम (पेशींचं पोषक द्रव) बदलताना भुसभुशीत होऊन तुटला.
- २१ दिवसांनी पेलेट दिसतो ठीक, पण सॅफ्रॅनिन-ओ (कूर्चेला लाल करणारा रंग) लावल्यावर लाल होत नाही. फास्ट ग्रीनचा हिरवाच रंग उरतो.
- जनुकांच्या तपासणीत पहिल्या प्रकारचं कोलॅजेन भरपूर, दुसऱ्या प्रकारचं (म्हणजे कूर्चेचं खास) नावापुरतं.

पहिलं लक्षण थोड्या प्रमाणात सगळ्यांकडेच दिसणार. त्याला घाबरू नका, पण ते का होतं ते समजून घ्या, कारण पुढच्या बऱ्याच तपासण्यांचं मूळ तिथे आहे.

कूर्चेत पेशी फार थोड्या असतात, मोठ्या माणसाच्या गुडघ्यात आकारमानाच्या जेमतेम दोनेक टक्के. बाकी सगळं पाणी, कोलॅजेन आणि पाणी धरून ठेवणारा मोठा रेणू, अॅग्रिकॅन. प्रत्येक पेशी आपापल्या खोबणीत गोल बसलेली असते आणि सहसा विभागतही नाही. तिला तिथून सोडवून प्लास्टिकवर ठेवलं की ती पसरते. पसरली की विभागायला लागते, आणि विभागत गेली की कूर्चा बनवणं विसरत जाते. क्लाउस फॉन डेर मार्क आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली दाखवून दिलं की पेशीचा आकार बदलतो तसं ती बनवत असलेलं कोलॅजेनही बदलतं, दुसऱ्या प्रकारावरून पहिल्या प्रकारावर जातं. १९८२ साली बेन्या आणि शॅफर यांनी सशाच्या अशा बिघडलेल्या पेशी अॅगरोजच्या जेलमध्ये गोल ठेवल्या, तर त्या पुन्हा दुसऱ्या प्रकारचं कोलॅजेन बनवू लागल्या. म्हणजे वाट परतीची आहे, पण कायम उघडी राहत नाही.

म्हणून पेशी वाढणं आणि कूर्चा होणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकाचा जोर वाढवला की दुसऱ्याचा कमी होतो. "मस्त वाढल्या होत्या" हे वाक्य ऐकलं की मला शंका येते ती यामुळेच.

आधी वही उघडा

याला पैसा लागत नाही आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त चोर इथेच सापडतात.

पॅसेजचा आकडा फसवा असतो. दोघेजण म्हणतात, "माझ्या पेशी दुसऱ्या पॅसेजच्या आहेत." एकाने दर चौरस सेंटीमीटरला १०,००० पेशी टाकल्या आणि ४०,००० झाल्यावर काढल्या. म्हणजे चौपट वाढ, दोन दुपटी. दुसऱ्याने फ्लास्क जास्त भरावेत म्हणून २,००० च टाकल्या आणि ४०,००० ला काढल्या. म्हणजे वीसपट, चार दुपटींहून जास्त. असे दोन पॅसेज झाले की पहिल्याच्या पेशी १६ पट झाल्या, दुसऱ्याच्या ४०० पट. लेबलवर दोघांच्याही "पी-२" लिहिलेलं. पेलेट पहिल्याचा बनतो, दुसऱ्याचा बनत नाही, आणि दुसरा माझ्या दारात येतो.

गेल्या वर्षी एक मुलगी आली होती. वही नीटनेटकी, तारखा, लॉट नंबर, सगळं होतं. पण पेशी किती टाकल्या तिथे प्रत्येक पानावर फक्त "१:८" लिहिलेलं. फ्लास्कमध्ये मुळात किती होत्या, ते कुठेच नाही. आम्ही दोघींनी बसून पानापानावरून मागे हिशेब लावला तेव्हा तिच्या तिसऱ्या पॅसेजपर्यंत किमान नऊ दुपटी निघाल्या, शिवाय पहिल्या फ्लास्कमधल्या वेगळ्याच. त्यात दाता सत्तरीचा. टीजीएफचा त्यात काय दोष?

तेव्हा आजपासून पॅसेज लिहाच, पण शेजारी एकूण दुपटीही लिहा. काढलेल्या पेशींना टाकलेल्या पेशींनी भागायचं आणि त्याचा २ च्या पायाचा लॉग घ्यायचा. फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं. गुडघा बदललेल्या रुग्णांच्या पेशी मी दुसऱ्या पॅसेजच्या पुढे कूर्चा बनवण्यासाठी वापरत नाही. जास्त पेशी हव्या असतील तर जास्त ऊतक आणा, त्याच पेशींना पिळू नका.

वहीतच अजून एक बघा: सेंट्रिफ्यूज. पद्धतीत लिहिलेलं असतं "५०० जी" (गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट जोर) आणि मशीनवर बटण असतं आरपीएमचं (मिनिटाला किती फेरे). १५ सेंटीमीटर त्रिज्येच्या रोटरमध्ये ५०० जी म्हणजे सुमारे १,७३० आरपीएम. कुणी घाईत ५०० आरपीएम लावलं तर जोर पडतो जेमतेम ४२ जी. त्यात पेशी धड तळालाच जात नाहीत, मग गोळी कशाची होणार? हसू नका, हे मी तीनदा पाहिलंय. एकदा मीच केलं होतं.

डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी

इन्क्युबेटर उघडा आणि मीडियमचा रंग बघा. लालसर केशरी हवा. जांभळट गुलाबी असेल तर मीडियम अल्कधर्मी झालंय, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पोचत नाही. पिवळं असेल तर एकतर पेशी दाटल्यात, नाहीतर जिवाणू आलेत. डीएमईएम हे नेहमीचं मीडियम मुळात १० टक्के कार्बन डायऑक्साइडसाठी बेतलेलं आहे, त्यात लिटरला ३.७ ग्रॅम बायकार्बोनेट असतं. आपण सगळे ते ५ टक्क्यांवर चालवतो, त्यामुळे ते थोडं गुलाबीकडे झुकतंच. थोडं म्हणजे थोडं.

पेलेटच्या ट्यूबची टोपणं तपासा. ती अर्धा फेरा सैल हवीत. घट्ट लावली की वायू आत जात नाही आणि २१ दिवस बिचारा पेलेट जांभळ्या मीडियममध्ये पडून राहतो. चोवीसच्या चोवीस ट्यूब घट्ट बंद केलेला एक रॅक मी पाहिलाय. मुलगा म्हणाला, "कंटॅमिनेशन होऊ नये म्हणून." हेतू चांगला होता.

पाण्याचा ट्रे कोरडा नाही ना? एप्रिल-मे महिन्यात एसी दिवसरात्र चालतो आणि खोलीतली हवा कोरडी पडते. त्यात मीडियम उडून जातं. अर्ध्या मिलीतून थोडंही उडालं तरी क्षार दाटतात. ९६ खणांच्या प्लेटमध्ये पेलेट लावत असाल तर कडेचे खण मोकळे ठेवून त्यात नुसतं निर्जंतुक पाणी भरा.

वीज किती वेळ गेली होती, सिलिंडर कधी बदलला, हे सिक्युरिटीच्या रजिस्टरवरून कळतं. सोमवारी सकाळी सगळ्यांच्याच पेशी रुसलेल्या असतील तर दोष तुमच्या हातात नाही, शनिवार-रविवारमध्ये आहे.

क जीवनसत्त्व

हे स्वस्त आहे म्हणून कुणी याच्याकडे बघत नाही. कोलॅजेनच्या तीन धाग्यांचा पीळ घट्ट बसायला त्यातल्या प्रोलीनवर हायड्रॉक्सिल गट चढावा लागतो आणि ते काम करणाऱ्या एन्झाइमला क जीवनसत्त्व लागतं. ते नसलं की पीळ सैल राहतो, कोलॅजेन पेशीबाहेर धड येत नाही. जुन्या काळी खलाशांना स्कर्व्ही होऊन हिरड्या सुजायच्या, तसंच हे, फक्त फ्लास्कमधलं.

साधं अॅस्कॉर्बिक अॅसिड (म्हणजेच क जीवनसत्त्व) ३७ अंशांच्या मीडियममध्ये एखाद दिवसात निकामी होतं. तुम्ही महिनाभरापूर्वी मीडियमच्या बाटलीत घालून ठेवलं असेल तर आज त्यात ते नाही. स्टॉक पिवळसर झाला असेल तर सरळ ओता. अॅस्कॉर्बेट-२-फॉस्फेट वापरा, ते बरंच टिकतं. प्रमाण मिलीला ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास. मात्र डबीवर क्षार कुठला लिहिलाय ते वाचा, क्षार बदलला की रेणूभार बदलतो आणि वजनाचा हिशेबही.

नवीन स्टॉक करायला एक दुपार जाते. तेवढ्यावर प्रश्न सुटलेला मी पाहिलाय, म्हणून ही तपासणी इतकी वर ठेवली.

हाताचे दोष

नव्याने सोडवलेल्या पेशी प्लास्टिकला चिकटायला दोन-तीन दिवस घेतात. पहिले तीन दिवस फ्लास्क हलवायचा नाही. "बघू तरी चिकटल्या का" म्हणून दर चार तासांनी काढून मायक्रोस्कोपखाली धरणाऱ्यांच्या पेशी चिकटत नाहीत. पी हळद अन् हो गोरी इथे चालत नाही.

ट्रिप्सिन, म्हणजे पेशी प्लास्टिकवरून सोडवणारं एन्झाइम, घड्याळ लावून वापरा. पाच मिनिटांत सुटत नसतील तर ट्रिप्सिनची वेळ वाढवत जाऊ नका. दाट झालेल्या कूर्चापेशी स्वतःभोवती जाळं विणतात आणि पापुद्र्यासारख्या एकत्र निघतात. तिथे ट्रिप्सिनसोबत थोडं कोलॅजेनेज (कोलॅजेन तोडणारं एन्झाइम) लागतं. ट्रिप्सिनमध्ये ताटकळलेल्या पेशी ट्रिपन ब्लूच्या (मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या रंगाच्या) मोजणीत जिवंत दिसतात आणि दुसऱ्या दिवशी पेलेटमध्ये मरतात. मोजताना चिकट, शेंबडासारखे धागे दिसले तर ते मेलेल्या पेशींचं डीएनए आहे. जोरजोरात पिपेट मारून ते सुटत नाही, वाढतं.

पेलेटला अडीच लाख पेशी पुरेत. ट्यूब पॉलिप्रॉपिलीनची घ्या, पॉलिस्टायरीनला पेशी जास्त चिकटतात. चोवीस तास हात लावू नका, मग ट्यूबला बोटाने हलकी टिचकी मारा. गोळी सुटून तरंगली पाहिजे. मीडियममध्ये सीरम (रक्तातला द्रव भाग, तो पेशी वाढवताना घालतात) नको. एक्स्पान्शनच्या, म्हणजे पेशी वाढवण्याच्या, मीडियममधल्या पेशी धुतल्याशिवाय पेलेटला लावल्या तर सीरम आपोआप आत जातं आणि ते कूर्चा बनण्याच्या आड येतं.

ऊतक आलं कुठून, कसं

इथून पुढे तपासण्या महाग होत जातात, कारण नवीन नमुना मिळायची वाट बघावी लागते.

एकदा एका रुग्णालयातून नमुना आला. डबा नीट, लेबल नीट, बर्फही होता. रात्रभर एन्झाइममध्ये ठेवला, सकाळी तुकडे जसेच्या तसे. रबरासारखे कडक. डब्याचं झाकण उघडून वास घेतल्यावर उलगडा झाला: फॉर्मॅलिन, ऊतक टिकवणारं पण पेशी मारणारं रसायन. ऑपरेशन थिएटरमधल्या माणसाची त्यात चूक नव्हती. तिथून लॅबला जाणारी प्रत्येक गोष्ट पॅथॉलॉजीकडे जाते आणि पॅथॉलॉजीला फॉर्मॅलिनच लागतं. तेव्हापासून मी मीडियम भरलेला डबा आदल्या दिवशी स्वतः पोचवते आणि त्यावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहिते: "यात दुसरं काहीही ओतू नका." बीटाडीनने धुतलेला नमुनाही तसाच वाया जातो.

नमुना ४ अंशांवर, मीडियममध्ये, शक्यतो त्याच दिवशी आणा. गोठवायचा नाही. कापताना कुठून कापताय ते महत्त्वाचं. चमकदार, निळसर पांढरी, गुळगुळीत असते ती खरी सांध्याची कूर्चा. झिजलेल्या गुडघ्याच्या कडेला हाडाच्या वाढीवर जी टोपी असते ती पिवळट, तंतुमय असते. तिथल्या पेशी भराभर चिकटतात आणि भराभर वाढतात, आणि कूर्चा मात्र धड बनवत नाहीत. सांध्याच्या आवरणाचा लालसर पापुद्रा थोडासा जरी आला तरी त्यातल्या फायब्रोब्लास्ट (तंतुमय ऊतक बनवणाऱ्या पेशी) आठवड्याभरात फ्लास्क बळकावतात. तेव्हा तुम्हाला वाटतं पेशी बिघडल्या, आणि मुळात त्या तुमच्या पेशीच नसतात. कापताना खाली रक्ताचे लाल ठिपके दिसले की ब्लेड हाडात गेलंय, थांबा.

हूडमधल्या (गाळलेली हवा सोडणाऱ्या कामाच्या कपाटातल्या) वाऱ्याने तुकडे फार लवकर वाळतात. कापून ठेवलेले तुकडे लगेच मीडियममध्ये बुडवा. एक-दोन मिलिमीटरचे पुरेत, त्याहून बारीक करायच्या नादात पेशीच चिरडतात. आणि अपेक्षा माफक ठेवा: म्हाताऱ्या, झिजलेल्या कूर्चेच्या एका ग्रॅममधून दहा-वीस लाख पेशी मिळाल्या तरी दिवस चांगला गेला म्हणा.

एन्झाइम आणि सीरम

कोलॅजेनेजच्या डबीवरचं मिलिग्रॅम विसरा, युनिट बघा. लॉट बदलला की त्याच वजनाची ताकद बदलते. मागच्या वेळी रात्रभरात विरघळलेलं ऊतक या वेळी सहा तासांत विरघळलं आणि पुढचे आठ तास पेशी उगाच एन्झाइम खात बसल्या, असं होतं. दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे ईडीटीए. कोलॅजेनेजला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए ते पळवतं. ईडीटीए असलेल्या बफरमध्ये ऊतक धुऊन तसंच पुढे गेलात की एन्झाइम निम्मं गारद.

सीरमच्या लॉटची तुलना करायला महिना जातो, म्हणून ती इतकी खाली. दोन-तीन कंपन्यांकडून छोटे नमुने मागवा, एकाच दात्याच्या पेशी तिन्हींवर वाढवा आणि मग प्रत्येकीचे पेलेट लावा. जास्त वाढ देणारं सीरम निवडायचा मोह होईल. पेलेट बघितल्याशिवाय निवडू नका. वाढवताना मिलीला ५ नॅनोग्रॅम एफजीएफ-२ (वाढीला चालना देणारं प्रथिन) दिलं तर पेशी पुढे कूर्चेकडे वळायला जास्त तयार राहतात. अंगभूत दोष त्याने झाकला जात नाही, पण तब्येतीला बरं.

मायकोप्लाझ्मा

वाढ मंदावली, मीडियम स्वच्छ, मायक्रोस्कोपखाली काही दिसत नाही, पेलेट होत नाही: अशा वेळी माझा संशय इकडे जातो.

पावसाळ्यातली बुरशी बरी म्हणायची, निदान दिसते तरी. जुलैमध्ये पुठ्ठ्याचे खोके कल्चर रूममध्ये नेले की आठवड्यात पांढरे कापसाचे गोळे हजर. फ्लास्क बंद करून ऑटोक्लेव्हला, विषय संपला. मायकोप्लाझ्मा हा अगदी छोटा जिवाणू दिसत नाही, मीडियम गढूळ करत नाही, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून निसटू शकतो. त्याला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याचं काही करू शकत नाही. आणि बऱ्याचदा तो आपल्याच तोंडातून येतो. हूडसमोर गप्पा मारू नका हे मी नियम म्हणून सांगते तेव्हा मुलांना वाटतं मॅडम कडक आहेत.

तपासायचं कसं? पेशी आठवडा-दोन आठवडे अँटिबायोटिकशिवाय वाढवा, दाट होऊ द्या, दोन-तीन दिवस न बदललेलं मीडियम पीसीआरला पाठवा. पेशींना डॅपी (डीएनए चमकवणारा रंग) लावून बघितलं तर केंद्रकाबाहेर बारीक चमकणारे ठिपके दिसतात. निकाल पॉझिटिव्ह आला तर त्याच इन्क्युबेटरमधल्या सगळ्यांना सांगा. लपवू नका. लपवलेला मायकोप्लाझ्मा सहा महिन्यांत सगळ्या मजल्यावर जातो.

आता टीजीएफ-बीटा

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच. आणि इथेही नवीन कुपी मागवण्याआधी एक प्रयोग करा, ज्यासाठी तयारी मात्र आधीपासून हवी. ज्या दात्याचे पेलेट छान झाले त्याच्या पहिल्या पॅसेजच्या दोन-चार कुपी मी कायम द्रवरूप नायट्रोजनमध्ये राखून ठेवते. शंका आली की एक काढायची आणि आजच्या मीडियममध्ये, आजच्या टीजीएफवर पेलेट लावायचा. तो झाला तर साहित्य ठीक, दोष तुमच्या पेशींत. तो नाही झाला तर दोष साहित्यात. तीन आठवडे लागतात, पण अंधारात चाचपडणं थांबतं.

टीजीएफ-बीटा साध्या बफरमध्ये विरघळवलं की ते ट्यूबच्या भिंतीला चिकटून बसतं आणि तुम्ही पेशींना नुसता बफर पाजता. ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, मिलीला १ मिलिग्रॅम अल्ब्युमिन घालून विरघळवा, एकेका वेळेपुरते वाटे करा, उणे ८० ला ठेवा. एक वाटा एकदाच वितळवायचा. वापरताना मिलीला १० नॅनोग्रॅम, आणि दर दोन-तीन दिवसांनी मीडियम बदलताना ताजं. आठवड्याभराचं एकदम मिसळून फ्रिजमध्ये ठेवू नका. सोबत डेक्सामेथॅसोन १०० नॅनोमोलर आणि इन्सुलिन-ट्रान्सफेरिन-सेलेनियमचं मिश्रण आहे ना, तेही बघा. घाईत एखादी बाटली हमखास राहते.

रंगाच्या बाबतीत एकच सांगते. तुमच्या पेलेटच्या स्लाइडवरच मूळ कूर्चेचा एक पातळ काप लावा. तो लाल झाला आणि पेलेट झाला नाही तर पेलेटमध्ये दोष. तोही लाल झाला नाही तर सॅफ्रॅनिन-ओ बिघडलंय आणि तुम्ही महिनाभर उगाच रडलात. दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनची अँटिबॉडी लावताना आधी पेप्सिन किंवा प्रोनेजने काप उघडा करावा लागतो, नाहीतर असलेलंही दिसत नाही.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

बुरशी, जिवाणू किंवा मायकोप्लाझ्मा आलेल्या दात्याच्या पेशी वाचवायला जाऊ नका. औषधं आहेत, पण मुळातच मोजक्या दुपटी शिल्लक असलेल्या पेशींना तीन आठवडे औषधावर ठेवून हाती काही उरत नाही. फेका. मानवी ऊतकाचा कचरा पिवळ्या पिशवीत जातो, सिंकमध्ये नाही. आणि दात्याच्या तपासण्यांचा कागद आला नसेल तर प्रत्येक नमुना एचआयव्ही-कावीळ पॉझिटिव्ह असल्यासारखा हाताळा. ब्लेड हाताला लागलं तर आधी हात धुऊन कॅज्युअल्टीत जा, नमुना नंतर.

तीन वेगवेगळ्या दात्यांचे पेलेट ओळीने फसले आणि राखीव कुपीचा पेलेट मात्र झाला, तर एकट्याने चौथा दाता वापरू नका. ऊतकविकृतिशास्त्राच्या माणसाला मूळ ऊतकाचा काप दाखवा. तुम्ही कूर्चा म्हणून कापताय ती तंतुमय कूर्चा आहे, असं मला अशा एका काळात एका पॅथॉलॉजिस्टबाईंनी दोन मिनिटांत सांगितलं होतं.

गॅस सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून फुसफुस ऐकू आली तर पाना घेऊन पुढे जाऊ नका. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साचला की माणूस कोसळतो. खोलीबाहेर पडा, दार उघडं ठेवा, गॅसवाल्याला बोलवा. हूडचं फिल्टर आणि हवेचा वेगही आपण तपासायच्या गोष्टी नाहीत. त्याचं वार्षिक प्रमाणपत्र संपलं असेल तर तोपर्यंत मानवी नमुने उघडू नका.

अजून एक प्रश्न दर वर्षी येतो, तो मुलांकडून नाही, रुग्णांच्या नातेवाइकांकडून: "बाईंच्या पेशी वाढवताय ना, मग त्याच गुडघ्यात परत सोडता येतील का?" हे उपचार जगात होतात. स्वीडनमधल्या योटेबोर्गच्या ब्रिटबर्ग आणि पीटरसन यांच्या गटाने १९९४ साली २३ रुग्णांवरचा अनुभव छापला: गुडघ्यातून चिमूटभर कूर्चा काढायची, लॅबमध्ये पेशी वाढवायच्या, परत बसवायच्या. पण ती पद्धत आहे कूर्चेत एखादा खड्डा पडलेल्यांसाठी, पूर्ण झिजलेल्या गुडघ्यासाठी नाही. आणि त्या पेशी औषध म्हणून नियमांखाली बनतात, वेगळ्या दर्जाच्या खोलीत, सरकारी परवान्यावर. आमच्या फ्लास्कमधली एकही पेशी कुणाच्या अंगात जाऊ शकत नाही. अशा वेळी मी त्यांना त्यांच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवते आणि दुसरं काही बोलत नाही.

इन्क्युबेटरच्या इंजिनिअरला फोन करण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा: पडद्यावर कार्बन डायऑक्साइड किती दिसतोय, बाहेरच्या मीटरने मोजल्यावर किती येतोय, आणि शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं. नाहीतर तो येतो, मशीन बंद करून चालू करतो, चहा पिऊन जातो आणि सोमवारी मीडियम पुन्हा जांभळं.